टीव्ही बोलतो, पण दिसत नाही

"आवाज येतोय, पण चित्र गेलं." नातेवाइकांत आणि शेजारपाजारी टीव्ही दुरुस्त करणारा म्हणून एकदा नाव झालं की या वाक्याने सुरू होणारे फोन काही थांबत नाहीत. दुसरं वाक्यही ठरलेलं असतं: "काल रात्रीपर्यंत अगदी व्यवस्थित चालत होता." तिसरा असतो तो प्रश्न: "आता नवाच घ्यावा लागेल का?" बहुतेक वेळा नाही घ्यावा लागत. बऱ्याचदा तर स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायचीही वेळ येत नाही.

हे सगळं एलईडी टीव्हीबद्दल आहे. तुमचा ओएलईडी असेल तर पहिल्या चार तपासण्या तुमच्याही कामाच्या आहेत, पुढच्या नाहीत. का, ते ओघात येईलच.

लक्षणं

यातलं एखादं जरी जुळत असेल तर पुढे वाचा.

– पडदा काळा, आवाज ठणठणीत. रिमोटने चॅनेल बदलतं, आवाज कमी-जास्त होतो.
– चालू करताना कंपनीचं चिन्ह एक-दोन सेकंद दिसतं आणि पडदा फटकन विझतो. आवाज मात्र पुढे चालू राहतो.
– एखादा पट्टा किंवा कोपरा अंधारलेला. नीट पाहिलं तर तिथेही चित्र हलताना दिसतं, पण तिन्हीसांजेच्या उजेडात पाहिल्यासारखं.
– फिक्या चित्रावर वाटोळे, प्रखर पांढरे ठिपके. ते कायम त्याच जागी असतात.
– सगळं चित्र निळंजांभळं. माणसांचे चेहरे आजारी दिसतात.
– अर्धा-पाऊण तास चालला की पडदा लुकलुकायला लागतो. बंद करून थंड होऊ दिला की पुन्हा बरा.
– चालू होतो, काही सेकंदांत आपोआप बंद होतो आणि स्टँडबायचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत राहतो.

पडद्यावर उभ्या-आडव्या रंगीत रेषा असतील, कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर असेल किंवा शाई सांडल्यासारखा डाग असेल, तर तो पॅनलचा बिघाड आहे. त्याची गोष्ट वेगळी आणि बहुधा दुःखान्त. पॅनल हा टीव्हीतला सगळ्यात महागडा भाग. तो गेला की दुरुस्तीचा हिशेब सहसा जमत नाही. आणि टीव्ही पूर्ण गार पडला असेल, स्टँडबायचा दिवाही लागत नसेल, तर आधी प्लगचा सॉकेट दुसरं काहीतरी लावून तपासा. सॉकेट चांगला निघाला तर पॉवर सप्लाय गेलेला असण्याची शक्यता जास्त. ते काम मेकॅनिकचं.

आत काय होतं

दुकानात आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो मुळात एलसीडी टीव्ही आहे. समोरचं एलसीडी पॅनल स्वतः काडीचाही प्रकाश देत नाही. रंगीत काचेच्या खिडकीसारखं ते मागून येणारा उजेड कुठे अडवतं, कुठे सोडतं आणि त्याला रंग देतं. हा मागचा उजेड म्हणजे बॅकलाइट. पूर्वी तिथे बारीक ट्यूबलाइट असायच्या, आता एलईडीच्या पट्ट्या असतात. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, त्याला मागचा दिवा नसतोच, म्हणून हा बिघाडही त्याला होत नाही.

पट्ट्यांवरचे एलईडी माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. जुन्या दिव्यांच्या माळेत एक बल्ब उडाला की सगळी माळ विझायची, तसंच इथे होतं. एका एलईडीला साधारण ३ किंवा ६ व्होल्ट लागतात, पण माळेत ते कितीतरी असतात, म्हणून माळेला शंभराच्या पुढेही व्होल्टेज लागू शकतं. हा पुरवठा एक ड्रायव्हर सर्किट करतं. माळेत काही गडबड दिसली की ते स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडतं. एक-दोन सेकंद उजेड आणि मग अंधार, या लक्षणाचं मूळ इथे आहे. ड्रायव्हर रोज सकाळी आशेने प्रयत्न करतो, माळ खराब दिसते, तो हात आखडता घेतो.

निळेपणाचं कारण मला स्वतःला फार आवडतं. पांढरा एलईडी खरा पांढरा नसतोच. आत निळा एलईडी असतो आणि त्यावर फॉस्फरचा पिवळसर लेप. निळा आणि पिवळा प्रकाश मिसळून आपल्याला पांढरा दिसतो. ज्या निळ्या एलईडीसाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तोच हा. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने लेप भाजत जातो आणि मूळचा निळा उघडा पडतो. रंगांची सेटिंग कितीही बदला, हे सुधारत नाही. काही दिवस डोळ्यांची समजूत निघते एवढंच. वाटोळे ठिपके का येतात? प्रत्येक एलईडीवर प्रकाश पसरवणारी प्लॅस्टिकची छोटी भिंगं चिकटवलेली असतात. उष्णतेने गोंद सुटतो, भिंग गळून खाली पडतं आणि त्या जागी एलईडीचा नागडा प्रकाश पडद्यावर दिसतो.

पहिली तपासणी: मेनूचं बटण दाबा

याला पाच सेकंद लागतात. रिमोटवरचं मेनू किंवा सेटिंगचं बटण दाबा. पडद्यावर मेनू आला किंवा "सिग्नल नाही" असं काही लिहून आलं, तर टीव्हीचा पडदा आणि बॅकलाइट दोन्ही शाबूत आहेत. बिघाड बाहेर आहे: सेट-टॉप बॉक्स, केबल, नाहीतर चुकीचं इनपुट. मग तिसऱ्या तपासणीकडे चला.

हे सगळ्यात आधी का? कारण मेनू टीव्हीच्या आतच तयार होतो, त्याला बाहेरच्या कशाचीच गरज नसते. एका झटक्यात बिघाडाचे दोन भाग पडतात. मी स्वतः एकदा हे न करता थेट टीव्ही उलटा करून मागचे स्क्रू काढायला बसलो होतो. पाठ मोकळी झाल्यावर त्या घरातल्या मुलीने इनपुट बदललं आणि कार्टून सुरू झालं. तेव्हापासून आधी मेनू.

दुसरी तपासणी: पडदा कुणी मुद्दाम बंद केलाय का?

पुष्कळ टीव्हीत "पिक्चर ऑफ" किंवा "स्क्रीन ऑफ" नावाची सोय असते. गाणी ऐकायची असतील तर फक्त पडदा बंद, आवाज चालू. कुठे ती वीजबचतीच्या सेटिंगमध्ये लपलेली असते, कुठे रिमोटवरच त्याचं बटण असतं. मावशीचा टीव्ही असाच "बिघडला" होता. तिने तो दोन दिवस काळ्या पडद्याने ऐकला. मी जाऊन रिमोटवरचं एक बटण दाबलं आणि चित्र आलं. "एवढंच होतं तर फोनवर का नाही सांगितलंस?" हा तिचा प्रश्न रास्त होता.

आवाजाचं सोडून दुसरं कोणतंही बटण दाबलं की ही सोय सहसा सुटते. त्याच फेरीत वीजबचतीचं सेटिंग आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडदा मंद करणारा सेन्सरही पाहून घ्या. सेन्सरसमोर एखादी वस्तू आली किंवा त्यावर धूळ बसली की टीव्हीला वाटतं रात्र झाली, आणि पडदा उगाच मंद होतो. पण मंद होणं वेगळं आणि ठार काळा होणं वेगळं, हे लक्षात असू द्या.

तिसरी तपासणी: सगळं काढा, थांबा, पुन्हा लावा

रिमोटने बंद करणं पुरेसं नाही. प्लग भिंतीतून काढा. एचडीएमआय, अँटेना, पेन ड्राइव्ह, साउंडबार, मागे जे जे लावलंय ते सगळं काढा. मग टीव्हीवरचं पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि आणखी दोन मिनिटं थांबा. आता फक्त प्लग लावून सुरू करा, बाकी काहीही न जोडता.

यामागे जादूटोणा नाही. आजचा टीव्ही म्हणजे पडदा लावलेला संगणक आहे, आणि रिमोटने बंद केल्यावर तो झोपतो, मरत नाही. आत अडकलेली गडबड तशीच राहते. प्लग काढून कपॅसिटरमधली (वीज साठवून ठेवणाऱ्या भागातली) शिल्लक वीज जाऊ दिली की मेन बोर्डला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. बाकीच्या केबल काढण्याचं कारण वेगळं आहे. जोडलेलं एखादं खराब उपकरणही टीव्हीला अडवून ठेवू शकतं.

चित्र आलं तर एकेक केबल परत लावत जा, प्रत्येक वेळी थोडं थांबून. जिच्यानंतर चित्र जाईल ती दोषी.

चौथी तपासणी: केबल आणि पोर्ट

ही फक्त मेनू दिसत असलेल्यांसाठी. मेनूही दिसत नसेल तर केबलवर वेळ घालवू नका, पाचवीकडे जा.

दुसरा पोर्ट वापरून पाहा, मग दुसरी केबल. दोन्ही टोकं पूर्ण आत बसली आहेत ना, ते हाताने चाचपून बघा. भिंतीला चिकटवलेल्या टीव्हीत केबल काटकोनात वाकलेली असते आणि सुटायला बघते. आवाज येऊन चित्र न येणं, किंवा चित्र येऊन-जाऊन राहणं, याचं एक नेहमीचं कारण म्हणजे पाठवणाऱ्या पेटीने पोर्टच्या ताकदीबाहेरचं रिझोल्यूशन पाठवणं. जुना एचडीएमआय १.४ पोर्ट ४के चित्र सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच पेलतो. ६० फ्रेमसाठी २.० लागतो. कित्येक टीव्हींवर चारपैकी एक-दोनच पोर्ट पूर्ण ताकदीचे असतात. पेटीचं आउटपुट तात्पुरतं १०८० वर आणून पाहा. चित्र आलं तर टीव्हीचा काहीच दोष नाही.

पाचवी तपासणी: टॉर्च

या सगळ्या खटाटोपात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. याला काही खर्च नाही, काही उघडावं लागत नाही, आणि मेन बोर्ड बदलायचा की बॅकलाइट, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळतं.

खोलीत पूर्ण अंधार करा. रात्रीची वेळ सगळ्यात चांगली. टीव्ही चालू करा, आवाज सुरू झाला की मेनूचं बटण दाबा, म्हणजे पडद्यावर ठळक, स्थिर चित्र असेल, दिसत नसलं तरी. आता चांगला प्रखर टॉर्च घ्या. मोबाइलचाही चालतो. पडद्यापासून दोन बोटांच्या अंतरावर तो तिरका धरा, दाबू नका, आणि सावकाश फिरवा. स्वतः समोर उभं राहू नका, थोडं बाजूने बघा. घाई केली तर काहीही दिसणार नाही. डोळे सरावायला मिनिटभर लागतो.

मेनूच्या अक्षरांची किंवा हलणाऱ्या माणसांची पुसट, भुतासारखी आकृती दिसली? मग पॅनल चांगलं आहे, मेन बोर्ड चित्र तयार करतोय, ते पॅनलपर्यंत पोचतंय. गेलाय तो फक्त मागचा दिवा, किंवा त्याला वीज देणारा ड्रायव्हर. बरी बातमी ही. एका ओळखीच्या काकांनी याआधीच कुणाच्या तरी सांगण्यावरून मेन बोर्ड बदलून घेतला होता आणि अंधार जसाच्या तसा राहिला. टॉर्चला दोन मिनिटं दिली असती तर तो खर्च वाचला असता.

काहीच दिसलं नाही, तर टॉर्च बंद करून अंधारातच पडद्याकडे बघा. बॅकलाइट चालू असलेला एलसीडी पडदा "काळा" असतानाही पूर्ण काळा नसतो. अंधारात तो किंचित राखाडी, धुकट दिसतो. काही मॉडेलांत मागच्या हवेच्या फटींतूनही उजेड झिरपताना दिसतो. दिवा चालू आहे पण चित्र नाही, असं असेल तर संशय मेन बोर्डवर, टी-कॉन नावाच्या, चित्राचे संकेत पॅनलला पोचवणाऱ्या छोट्या बोर्डवर किंवा पॅनलवर. हे घरी ओळखता येत नाही, मीटर लागतो. दिवाही नाही आणि टॉर्चमध्ये आकृतीही नाही, तर दोन्ही शक्यता उघड्या राहतात. मी अशा वेळी दुसऱ्या रात्री चाचणी पुन्हा करतो. पहिल्यांदा आकृती न दिसणाऱ्यांत निम्म्याहून अधिक वेळा टॉर्चचा कोनच चुकलेला होता.

सहावी: चमकतो की नाही, आणि दिवा किती वेळा लुकलुकतो?

टॉर्चमध्ये आकृती दिसली असेल तर टीव्ही बंद करून, अंधारातच, पुन्हा चालू करा आणि पडद्यावर नजर रोखून ठेवा. क्षणभर उजळून विझला तर ड्रायव्हर शाबूत आहे, तो प्रयत्न करतोय, दोष बहुधा पट्ट्यांत आहे. अजिबात चमकला नाही तर दोष ड्रायव्हरचा, पॉवर बोर्डचा किंवा पूर्ण तुटलेल्या माळेचा, यातला कुठलाही असू शकतो. दुरुस्ती करणाऱ्याला हे सांगितलंत तर त्याचा अर्धा तास वाचतो.

स्टँडबायचा दिवा लुकलुकत असेल तर मोजा: किती वेळा, मग केवढी विश्रांती, पुन्हा किती वेळा. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवलेला सगळ्यात बरा. ही टीव्हीची सांकेतिक भाषा आहे. प्रत्येक कंपनीची वेगळी असते, म्हणून "सहा वेळा म्हणजे बॅकलाइट" असं सरसकट कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. मागच्या लेबलवरचा पूर्ण मॉडेल नंबर घेऊन त्याच मॉडेलची सर्व्हिस पुस्तिका पाहायची.

घरगुती शेवटचा उपाय

टीव्ही चमकून विझत असेल किंवा तापल्यावर लुकलुकत असेल तर एक युक्ती कधीकधी चालते. बॅकलाइटचं सेटिंग १०० वरून २०-३० वर आणायचं. पडदा काळा असल्याने हे टॉर्चच्या उजेडात, एका हाताने रिमोट धरून करावं लागतं. घरातलं दुसरं कुणीतरी टॉर्च धरायला बोलवा, नाहीतर चिडचिड होते. करंट कमी झाला की अशक्त एलईडी कसाबसा तग धरतो आणि ड्रायव्हर पुरवठा तोडत नाही. मी पाहिलेले काही टीव्ही यावर महिनोन्‌महिने चालले, काही आठवड्यातच गेले. हा इलाज नाही. दुरुस्तीसाठी सोयीचा दिवस सापडेपर्यंतची मुदतवाढ आहे.

आता थांबा

वॉरंटी शिल्लक असेल तर याच्याही आधी थांबायचं होतं. मागचं झाकण उघडल्याच्या खुणा दिसल्या की वॉरंटीवर हक्क सांगणं अवघड होऊन बसतं. कंपनीला फोन करा, टॉर्चच्या चाचणीचा निकाल सांगा, विषय संपला.

वॉरंटी संपली असली तरी मागचं झाकण स्वतः उघडू नका, असंच मी सांगेन. "चार स्क्रू तर आहेत" हे खरं आहे. अडचण त्यांच्या आत आहे.

पहिली अडचण विजेची. जिथे घरची वीज २३० व्होल्टची आहे तिथे पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरलेला असतो. काही डिझाइनमध्ये हा आकडा ४०० च्या आसपास जातो. प्लग काढला म्हणून तो लगेच रिकामा होत नाही. सर्किटमध्ये दोष असेल तर बराच वेळ तसाच भरलेला राहतो. बॅकलाइटच्या वायरीतला शंभरावरचा डीसी वेगळाच. माझ्या बोटावर एक पांढरा डाग आहे, त्याचं कारण एक "बंद" टीव्ही.

दुसरी अडचण पॅनलची, आणि लोक इथेच फसतात. एलईडीच्या पट्ट्या मागून बदलता येतात असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक टीव्हींत समोरची चौकट काढून, काचेचं पॅनल उचलून बाजूला ठेवून, प्रकाश पसरवणारे पातळ पडदे एकावर एक त्याच क्रमाने काढून मगच पट्ट्यांपर्यंत पोचता येतं. ते पॅनल पापडासारखं पातळ असतं. एका कोपऱ्यातून उचललं, किंचित पीळ बसला, की गेलं. त्याच्या कडेला केसांएवढ्या बारीक तारांच्या लवचिक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. एक जरी ओढली गेली तरी चित्रात कायमची रेषा. मोठा टीव्ही एकट्या माणसाने उघडू नये हा नियम दुरुस्ती करणारेही पाळतात. पडद्यांवर एक बोट उमटलं तर तो ठसा रोज संध्याकाळी सगळ्यांना दिसतो.

मी हे काम करतो, पण पहिलं पॅनल मी शिकताना फोडलं ते माझ्याच घरचं होतं. दुसऱ्याच्या टीव्हीवर शिकू नका, आणि स्वतःचा एकच असेल तर त्यावरही.

जळका वास, फुटल्यासारखा आवाज, मागून धूर किंवा पाणी गेल्याची शंका, यातलं काहीही असेल तर कुठलीही तपासणी न करता प्लग काढा आणि तो पुन्हा लावू नका.

मेकॅनिकला काय सांगायचं, काय विचारायचं

टॉर्चचा निकाल, चमक, लुकलुकण्याचा व्हिडिओ, मॉडेल नंबर, एवढं सांगितलं की समोरचा माणूस तुम्हाला गांभीर्याने घेतो.

मग विचारा: सगळ्या पट्ट्या बदलणार, की एकच? "एकच एलईडी गेलाय, तेवढाच बदलून देतो" किंवा "गेलेल्या एलईडीवर तार टाकून चालू करून देतो" असं उत्तर आलं तर दुसऱ्याकडे जा. सगळे एलईडी एकाच वयाचे, एकाच उष्णतेत भाजलेले असतात. एक गेला म्हणजे बाकीचे रांगेत उभे आहेत. सुरुवातीला मीही पैसे वाचवून द्यायच्या नादात एकेक पट्टी बदलत होतो. तेच टीव्ही काही महिन्यांनी परत आले, दर वेळी पॅनल उचलण्याची जोखीम नव्याने घ्यावी लागली. नव्या आणि जुन्या पट्ट्यांच्या उजेडातला फरकही पडद्यावर ढगांसारखा दिसतो. तार टाकून एलईडी वगळला तर काही ड्रायव्हरना माळेचं व्होल्टेज कमी झालेलं कळतं आणि ते पुरवठा तोडतात. जे तोडत नाहीत त्यांच्यात त्या जागी काळपट गोळा उरतो.

पट्ट्या त्याच मॉडेलच्या आहेत ना, तेही विचारा. लांबी जुळते म्हणून बसवलेल्या, पण ३ ऐवजी ६ व्होल्टच्या एलईडीच्या पट्ट्या मी काढून टाकल्या आहेत. क्वांटम डॉटची फिल्म (निळ्या उजेडातून बाकीचे रंग तयार करणारा थर) असलेल्या काही टीव्हींत तर पट्ट्या मुळातच निळ्या असतात, तिथे पांढऱ्या बसवल्या की रंगांचा सत्यानाश. काही चांगले कारागीर ड्रायव्हरचा करंट थोडा कमी करून देतात. उजेड जरा कमी होतो, आयुष्य वाढतं. मला तो सौदा पटतो. जुन्या पट्ट्या परत मागा. काळपटलेला किंवा मधोमध ठिपका पडलेला एलईडी स्वतः बघितला की खात्री पटते.

एका बाजूनेच पट्टी असलेल्या अतिपातळ टीव्हींत काम थोडं वेगळं असतं. तिथे प्रकाश जाड पारदर्शक प्लेटमधून पसरवला जातो आणि पट्टी एका कडेला दाटीने तापते. पट्टी बदलता येते, पण तिला उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्टीवर नीट चिकटवलं नाही तर ती लवकर जाते. टीव्ही फार मोठा असेल किंवा पॅनलवर आधीच एखादी रेषा असेल तर दुरुस्तीचा आग्रह मी धरत नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

बॅकलाइटला मारते ती उष्णता, आणि ती येते करंटमधून. दुकानात शंभर दिव्यांखाली टीव्ही उठून दिसावा म्हणून चित्राचा "व्हिव्हिड" किंवा "डायनॅमिक" मोड आणि बॅकलाइट १०० असतो. पहिल्या दिवशी टीव्ही विचारतो, घर की दुकान? घाईत "दुकान" निवडलं गेलं तर तो घरीही दुकानासारखा जळत राहतो, आणि तुम्ही कमी केलेली सेटिंग आपोआप मागे फिरवतो. नेहमीच्या खोलीत बॅकलाइट ५० ते ६०, रात्री अंधारात त्याहून कमी, "स्टँडर्ड" किंवा "सिनेमा" मोड. दोन दिवस चित्र मळकट वाटेल, तिसऱ्या दिवशी डोळ्यांना बरं वाटू लागेल.

इथे नावांचा घोळ आहे. अनेक टीव्हींत "ब्राइटनेस" म्हणजे मागचा दिवा नव्हे. ते काळ्या रंगाची पातळी ठरवतं. ते कमी केलं तर सावल्यांतले तपशील जातात आणि एलईडी तितकेच तापतात. "बॅकलाइट" नावाचं सेटिंग शोधा. काही नव्या मॉडेलांत मात्र "ब्राइटनेस" हेच मागच्या दिव्याचं नाव झालंय आणि काळ्यासाठी "ब्लॅक लेव्हल" वेगळं असतं. ओळखायची खूण सोपी आहे: शून्यावर नेल्यावर पांढरा भाग खूप मंद झाला तर तो मागचा दिवा, फक्त गडद भाग बुडाला तर नाही.

हवेसाठी चारही बाजूंनी साधारण १० सेंटीमीटर मोकळं ठेवा. चहूबाजूंनी बंद कपाटात बसवलेला टीव्ही मी पुन्हा-पुन्हा पाहतो. भिंतीवर लावताना पाठीमागच्या चार भोकांचं अंतर म्हणजे व्हेसाचं माप, २०० बाय २०० किंवा ४०० बाय ४०० मिलिमीटर असं, ते जुळवून स्टँड घ्या. स्क्रूची लांबी पुस्तिकेत दिलेलीच वापरा. लांब स्क्रू आत शिरून थेट बोर्डला भिडतो. मागच्या फटींतली धूळ अधूनमधून मऊ ब्रशने काढा, टीव्ही बंद आणि प्लग काढलेला असताना. पडदा कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. त्यावर थेट कधीही काही फवारू नका. थेंब ओघळून खालच्या चौकटीत उतरतो, आणि ज्या बारीक पट्ट्यांबद्दल वर लिहिलं, त्या बऱ्याच टीव्हींत नेमक्या तिथे असतात. अल्कोहोल आणि अमोनियाची काच-सफाई द्रव्यं तर नकोतच.

वीज कडाडत असेल तेव्हा प्लगबरोबर अँटेनाची आणि इंटरनेटची तारही काढा. धक्का प्लगमधूनच येतो असं नाही. बऱ्याच टीव्हींचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यांना स्टॅबिलायझरपेक्षा चांगल्या सर्ज प्रोटेक्टरचा, म्हणजे विजेचा अचानक आलेला धक्का अडवणाऱ्या उपकरणाचा, उपयोग जास्त.

दिवसभर टीव्हीवर गाणी लावून ठेवायची सवय असेल तर मावशीने चुकून शोधलेलं ते "पिक्चर ऑफ" मुद्दाम वापरा. तेवढे तास एलईडी जळत नाहीत.

आणि पट्ट्या बदलून टीव्ही घरी आला की चालू करताक्षणी सेटिंगमध्ये जा. दुरुस्तीनंतर पुष्कळदा फॅक्टरी रीसेट करून दिलेला असतो, म्हणजे बॅकलाइट पुन्हा १०० वर. मोठ्या सॉफ्टवेअर अपडेटनंतरही एकदा आकडा बघून घ्या. माझ्याकडे दुसऱ्यांदा आलेल्या टीव्हींपैकी बहुतेकांचा आकडा मला टॉर्चच्या उजेडात १०० च दिसला आहे.